जूनमध्ये मुलं, सासू-सासरे आणि तंबू घेऊन युटाचे पाच पार्क? मैल नका मोजू, फूट मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनचा दुसरा पंधरवडा, सात रात्री, लास व्हेगासला उतरून भाड्याची मिनीव्हॅन, अमेरिकेतल्या युटा राज्यातले झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स असे पाचही नॅशनल पार्क, सगळीकडे तंबू. बरोबर मुलं नऊ आणि पाच वर्षांची, नाशिकहून आलेले सासू-सासरे, आणि तंबू नवा कोरा, अजून खोक्यातच. "जमेल का, काय काय न्यायचं, पुराची भीती आहे का, आणि स्लीपिंग बॅग सासूबाईंना चालेल का?"

जमेल, पण असं नाही. मी अठरा वर्षं फिनिक्सला राहतोय, त्यातली चौदा वर्षं या भागात दरवर्षी किमान एकदा तंबू ठोकलाय. मुलं लहान असताना केलं, आई-बाबा आले तेव्हा केलं, आणि सुरुवातीला तुम्ही आखलाय अगदी तसाच प्लॅन केला होता, रोज नवा पार्क, रोज तंबू उठवा रोज तंबू लावा. चौथ्या दिवशी बायको माझ्याशी बोलायची थांबली. सातव्या दिवसाचं विचारू नका.

तुमच्या लिस्टमध्ये प्रत्येक ठिकाणापुढे मैल लिहिलेत, तास लिहिलेत, पण उंची कुठेच नाही. या भागात जूनमध्ये सगळं उंचीवर चालतं. झायनचा कॅम्पग्राउंड साधारण चार हजार फुटांवर, आर्चेस आणि कॅनियनलँड्सजवळचं मोआब गाव पण तेवढंच, आणि जूनच्या शेवटी दोन्हीकडे दुपारी पारा शंभर फॅरनहाइटच्या वर म्हणजे अडतीस-चाळीस सेल्सिअस. ब्राइसचा कडा आठ हजार फुटांच्या वर, तिथे त्याच दिवशी दुपारी पंचवीसच्या आसपास आणि पहाटे चार-पाच सेल्सिअस. म्हणजे दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये तुम्ही मे महिन्याच्या जळगावातून डिसेंबरच्या महाबळेश्वरला जाता. पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीची माणसं तंबूत झोपणार असतील तर झोपायचं उंचावर, आणि खाली उतरायचं ते फक्त सकाळी. हे एकदा धरलं की बाकी प्लॅन आपोआप बसतो.

म्हणून माझा सल्ला, आर्चेस आणि कॅनियनलँड्स या वेळी सोडा. मला माहितेय, आर्चेसमधल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीचा फोटो हवा असतो सगळ्यांना. पण ती वाट जाऊन-येऊन तीन मैल, चढ ४८० फूट, उघडा खडक, वाटेवर झाड म्हणून नाही, आणि जूनच्या उन्हात सासरे चढतील या भरवशावर तिथे जाऊ नका. कॅनियनलँड्सच्या आयलंड इन द स्काय नावाच्या पठारावर तर कॅम्पग्राउंड बारा साइट्सचा, म्हणजे तंबू लावायच्या बारा जागांचा, आणि तिथे पाण्याचा नळसुद्धा नाही. शिवाय मोआबहून व्हेगासला परतायचं म्हणजे साडेचारशे मैलांच्या वर, एक अख्खा दिवस गाडीत. हे दोन पार्क पुढच्या एखाद्या वर्षीच्या ऑक्टोबरसाठी ठेवा, मुलं तेव्हा मोठीही झालेली असतील.

राहिले तीन पार्क, सात रात्री. झायनला दोन रात्री, पण तंबूत नाही, स्प्रिंगडेल गावात एसी असलेल्या खोलीत. (हे वाचून तुम्ही म्हणाल कॅम्पिंगचं विचारलं आणि हा हॉटेल सांगतोय. सांगतोय.) मग ब्राइसला तीन रात्री तंबू, आणि शेवटच्या दोन रात्री कॅपिटल रीफला फ्रुटा कॅम्पग्राउंड, तोही तंबू. फ्रुटा साडेपाच हजार फुटांवर आहे, दुपारी तापतं, पण मोठी झाडं आहेत, बाजूने नदी वाहते आणि फळबागा आहेत, त्यामुळे सुसह्य होतं. तिथून व्हेगास पाच-साडेपाच तास.

बुकिंगचं आधी बघा. फ्रुटाच्या साइट्सचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि जूनच्या लगेच जातात. पण लोक कॅन्सल करतात, विशेषतः शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, तेव्हा रोज सकाळी चहा पिताना एकदा बुकिंगची वेबसाइट उघडून बघायची सवय लावा, मला तीन वेळा असंच मिळालंय. ब्राइसमध्ये नाहीच मिळालं तर जवळच हायवे १२ वर डिक्सी नॅशनल फॉरेस्टचा रेड कॅनियन कॅम्पग्राउंड आहे, तोही चांगल्या उंचीवर, आणि कॅपिटल रीफसाठी बोल्डर माउंटनवर सिंगलट्री नावाचा आहे, तो तर आठ हजारांच्या वर, रात्री मस्त गार. सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट तंबू लावता येतो असं कोणीतरी तुम्हाला सांगेल, खरंय ते, पण तिथे संडास नाही, पाणी नाही, सासूबाईंना घेऊन तिथे जाऊ नका म्हणजे झालं.

अजून एक, पासचं. पार्कांच्या प्रवेशाचा वर्षाचा पास ८० डॉलरचा, तो इथल्या रहिवाशांसाठी, ओळखपत्र दाखवावं लागतं. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा २५० डॉलरचा पास आलाय, आणि पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन धरून अकरा मोठ्या पार्कांत सोळा वर्षांवरच्या परदेशी माणसामागे १०० डॉलर जास्तीचे. नाशिकची मंडळी बरोबर आहेत, तर गेटवर गाडी उभी करून हिशोब करत बसू नका, निघायच्या आधीच पार्कच्या वेबसाइटवर वाचून ठरवा.

आता दिवस कसे जातील ते सांगतो.

व्हेगासला उतरलात की आधी खरेदी. स्टोव्हचा गॅसचा सिलिंडर विमानात चालत नाही, रिकामा पण नाही, तो तिथेच घ्यायचा. हिरवा एक पौंडाचा प्रोपेनचा सिलिंडर मिळतो तो घ्या, तुमच्या कुटुंबाला चार पुरतात. ब्युटेनचा लांब डबा स्वस्त असतो पण थंडीत त्याचा जोर जातो आणि ब्राइसला पहाटे चहासाठी तुम्ही त्याच्याकडे बघत बसाल. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर असा हिशोब धरा, सहा माणसं म्हणजे किती ते बघा, पाच-सात गॅलनचे दोन कॅन घ्या आणि जिथे नळ दिसेल तिथे भरून घ्या. व्हेगासहून युटात शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं हे लक्षात ठेवा, आम्ही पहिल्यांदा रेंजरचा, म्हणजे पार्कच्या रक्षकाचा, माहितीचा कार्यक्रम त्यात घालवला होता.

झायनमध्ये सीझनला आतल्या रस्त्यावर खाजगी गाडी नेता येत नाही, शटल असते, आणि तुमच्यासाठी हे उत्तमच. पहिल्या-दुसऱ्या शटलने, म्हणजे सहा-सातच्या सुमाराला, थेट शेवटच्या स्टॉपला जायचं. तिथून रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन दोन मैलांच्या जरा वर, पक्की वाट, सावली, बाजूला व्हर्जिन नदी, सासू-सासऱ्यांना झेपते. वाट संपते तिथून पुढे अरुंद घळीतून, नदीतूनच चालायचं ते नॅरोज. मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात खेळू द्या, पुढे नका जाऊ. व्हर्जिन नदीच्या पाण्यात गेली काही वर्षं विषारी शेवाळासारखा जिवाणू सापडतोय, त्यामुळे पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, डोकं बुडवायचं नाही, आणि फिल्टर करून प्यायची हुशारी पण नाही. पार्कची त्या दिवसाची सूचना वाचून मगच उतरायचं. एंजल्स लँडिंगचा कडा विसरा, त्याला २०२२ पासून परमिट लागतं आणि परमिट मिळालं तरी पाच वर्षांच्या मुलाला घेऊन साखळी धरून चढायची ती जागा नव्हे.

दहा-साडेदहाला खोलीवर परत. दुपारी झोपा. खरंच झोपा, आपल्याकडे उन्हाळ्यात गावाला झोपतात तशी पडदे ओढून. इथे बरेच लोक दुपारी दोन वाजता ट्रेलवर लाल तोंडं करून चालताना दिसतात आणि दर उन्हाळ्यात रेंजर लोकांची त्यांना उचलून आणण्यात दमछाक होते. आणि नुसतं पाणी ढोसून चालत नाही, घामातून मीठ जातं, नुसतं पाणीच पीत राहिलं तर डोकं दुखतं, मळमळतं आणि माणसाला वाटतं अजून पाणी प्यायला हवं, मग ते अजून वाढतं. लिंबू-मीठ-साखरेचं सरबत आणि खारे शेंगदाणे, याच्यापुढे कुठलं महागडं पावडरचं पाकीट मला तरी लागलेलं नाही. सासऱ्यांना बीपीची गोळी असेल आणि त्यात लघवी जास्त होणारी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, ऊन आणि ती गोळी जमत नाहीत.

तिसऱ्या दिवशी झायनच्या पूर्वेकडून बाहेर पडा, म्हणजे १९३० साली उघडलेल्या त्या एक मैलाच्या बोगद्यातून. मिनीव्हॅनला काही अडचण नाही, मोठ्या आरव्हीवाल्यांना, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्यांना, वेगळे नियम आहेत. बोगद्यानंतर दोन्ही बाजूंना जो खडक दिसतो ना, तिरक्या-तिरक्या रेघांचा, तो म्हणजे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या, गोठून दगड झालेल्या. मुलांना सांगा की आपला सह्याद्री लाव्हाचा, थरावर थर ओतल्यासारखा काळा, तो याच्या खूप नंतरचा, साडेसहा कोटी वर्षांचा. माझ्या मुलाला हे इतकं आवडलं होतं की तो पुढे प्रत्येक दगडाला "हा वाळू की लाव्हा" विचारत बसला, दोन दिवस.

ब्राइसला पोचल्यावर त्या दिवशी काही करू नका. आठ हजार फूट आहे, म्हाताऱ्या माणसांना दोन जिने चढल्यासारखा दम लागतो, डोकं जड होतं. तंबू लावा, चहा करा, आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट ते सनराइज पॉइंट अर्धा मैल चाला, सपाट फरसबंद वाट, कड्यावरून खाली ते सगळे हूडू म्हणजे दगडी सुळके दिसतात, सासूबाईंनी हात जोडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, माझ्या आईने जोडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आणि मोठा मुलगा क्वीन्स गार्डन-नवाहो लूप करून या, सनराइजकडून खाली उतरायचं आणि नवाहोने वर यायचं, तीन मैल. परतीचा चढ शेवटी असतो हे पाय सांगतातच.

तंबूचं आता जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तंबूबरोबर ज्या पातळ खुंट्या येतात त्या इथल्या कडक खडीच्या जमिनीत वाकतात. दहा इंची जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी वेगळी घ्या. या भागात दुपारनंतर वारा उठतो, कधी कधी विनाकारण, आभाळ निळंशार असताना. माझ्या दुसऱ्या ट्रिपला मोआबजवळ आम्ही तंबू लावून, दोऱ्या न ताणता, "तासाभरात येतो" म्हणून फिरायला गेलो, आलो तर तंबू शेजारच्या दोन साइट पलीकडे झुडपात, एक काठी मोडलेली, आणि आत जे काही होतं त्यावर इंचभर लाल वाळू. ती वाळू मला पुढे दोन वर्षं स्लीपिंग बॅगच्या शिवणीत सापडत होती. तेव्हापासून सगळ्या दोऱ्या ताणल्याशिवाय आम्ही जागचे हलत नाही, आणि आत चारही कोपऱ्यांत पाण्याचे कॅन ठेवतो. फारच वारा असेल तर काठ्या काढून तंबू सरळ जमिनीवर आडवा पाडायचा आणि वर दगड ठेवायचे, यात काही कमीपणा नाही.

ज्येष्ठांसाठी जमिनीवरची गादी नको. रात्री दोनदा उठायचं असतं, जमिनीवरून उठताना गुडघ्यांचे हाल होतात. घडीची खाट मिळते ती घ्या, पण खाटेखालून गार हवा लागते म्हणून तिच्यावर फोमची चटई टाका. साइट बुक करताना नकाशात संडास कुठे आहे ते बघून शंभर-दोनशे फुटांच्या आतली घ्या. फार चिकटून नको, रात्रभर दारं वाजतात. ब्राइस आणि फ्रुटा दोन्हीकडे फ्लशचे संडास आहेत, बाटली तुमची तुम्ही न्या, सांगायला नको. डोक्याला लावायचा टॉर्च प्रत्येकाला वेगळा, दोघांत एक हा प्रकार पहिल्याच रात्री भांडण लावतो. आंघोळ फ्रुटात नाही, ब्राइसमध्ये जनरल स्टोअरजवळ सीझनला पैसे देऊन शॉवर मिळतो.

स्वयंपाक. आठ हजार फुटांवर पाणी ब्याण्णव सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे पातेल्यातली डाळ शिजत नाही. मी पहिल्या वेळी ब्राइसला दीड तास तूरडाळ उकळली, अर्धा सिलिंडर संपला, आणि शेवटी मुलांनी दातांत कचकचणारी डाळ खाल्ली, उपाशी होती म्हणून खाल्ली. छोटा तीन लिटरचा कुकर न्या. हो, शिट्टी झाली की आजूबाजूचे दचकून बघतात, एकदा एका आजोबांनी येऊन "सगळं ठीक आहे ना" विचारलं, त्यांना खिचडी खायला घातली. फक्त रात्री दहानंतर कुकर लावू नका, शांततेची वेळ असते. स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा हवाच, नाहीतर उष्णता सगळी वाऱ्यावर. आणि कितीही थंडी वाजली तरी स्टोव्ह तंबूच्या आत पेटवायचा नाही, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वास येत नाही आणि माणसं झोपेतच जातात, यात चेष्टा नाही.

आमचा मेनू वर्षानुवर्षं तोच: सकाळी पोहे किंवा घरून भाजून नेलेल्या रव्याचा सांजा, दुपारी दशम्या किंवा टॉर्टिया आणि शेंगदाण्याची चटणी, लोणचं, काकडी, म्हणजे गॅस पेटवायचाच नाही, आणि रात्री मुगाच्या डाळीची खिचडी नाहीतर मेतकूट-भात. पिठलं एकदा केलं, भांडं घासायला जेवढं पाणी लागलं तेवढ्यात सगळ्यांनी तोंड धुतलं असतं. थालीपिठाची भाजणी मात्र जरूर न्या, ब्राइसच्या थंडीत गरम थालीपीठ आणि लोणी याला तोड नाही. कूलरमध्ये सुटा बर्फ टाकण्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वितळल्या की पिऊन टाकायच्या. आणि खाऊ तंबूत ठेवू नका. खारी आणि डोमकावळे इतके सोकावलेत की चेन उघडतात असं लोक म्हणतात. चेनचं माहीत नाही, पण झायनमध्ये माझ्या बॅगेला भोक पाडून चिक्की नेलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. हातातून खायला तर अजिबात देऊ नका, चावतात.

ब्राइस ते कॅपिटल रीफ हायवे १२ ने जा, तीन तास, थांबत थांबत पाच. एस्कलांटे आणि बोल्डर गावांच्या मधे रस्ता एका चिंचोळ्या पाठीवरून जातो, दोन्हीकडे दरी, कठडा नाही, तिथे हळू चालवा आणि सासूबाईंना मधल्या सीटवर बसवा. टाकी एस्कलांटेला भरून घ्या, फोनला नेटवर्क बराच वेळ नसतं म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा, आणि फोनने "शॉर्टकट" म्हणून कच्च्या रस्त्याला घातलं तर ऐकू नका, भाड्याच्या गाडीला तो बहुतेक करारात मना असतो आणि पाऊस पडला की तिथली माती साबण होते. अंधार पडायच्या आत पोचा, हरणं आणि मोकळी सोडलेली गुरं रस्त्यावर येतात.

फ्रुटाला मुलं सगळ्यात खूश असतील बघा. १८८० च्या दशकात मॉर्मन लोकांनी इथे वस्ती करून चेरी, जर्दाळू, पीच, सफरचंदाची झाडं लावली, त्या बागा पार्कने अजून जपल्यात आणि पिकलेल्या बागेत शिरून फळं तोडून खाता येतात, घरी न्यायची तर वजन करून पैसे टाकायचे. जूनच्या शेवटी चेरी, नशीब असेल तर जर्दाळू. जवळच्या गिफर्ड हाऊसमध्ये फ्रूट पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, विकतात, सकाळी लवकर जा, संपतात. हायवे २४ वर फळ्यांच्या वाटेवरून कातळावर कोरलेली जुनी चित्रं दिसतात, इथल्या जुन्या फ्रीमाँट आदिवासींची, सगळ्यांना जमेल असं ते आहे. रात्री दिवे मालवून खुर्च्या बाहेर टाका, ब्राइस आणि कॅपिटल रीफ दोन्ही अंधाऱ्या आकाशासाठी नावाजलेले. सासऱ्यांना सप्तर्षी आणि अरुंधती दाखवायला सांगा, दक्षिणेला वृश्चिकाची अख्खी नांगी दिसते. फक्त तारखा ठरवताना पौर्णिमा टाळा.

पुराचं तुम्ही विचारलंत. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वादळी पावसाचा मोसम, तुम्ही त्याच्या जरा आधी आहात, पण अरुंद घळीत शिरायच्या आधी रोज रेंजरला विचाराच. पाऊस दहा मैलांवर पडतो आणि पाणी तुमच्यापर्यंत कोरड्या आभाळाखाली येतं. वाटेवरची काळसर खरबरीत मातीची साय दिसेल, ती जिवंत असते, मुलांना तिच्यावर पाय ठेवू देऊ नका, परत यायला वर्षानुवर्षं लागतात. मुलांना प्रत्येक पार्कात ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घेऊन द्या, ती भरली की शपथ घेऊन बॅज मिळतो, त्या बॅजसाठी माझी मुलगी कुरकुर न करता दोन मैल चालली होती.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, स्लीपिंग बॅग सासूबाईंना चालेल का. नाही चालणार, चेन लावली की त्यांना कोंडल्यासारखं होतं, माझ्या आईने अर्ध्या रात्रीत उघडून फेकली आणि मग पहाटे कुडकुडली. नाशिकहून येताना दोन जाड गोधड्या आणायला सांगा. वजन होतंय म्हणाल्या तर पापड कमी करा म्हणावं.